मोहल्ला कसा आहे?
(लष्कर, हजीरा, बिर्लानगर : ग्वाल्हेरच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास)



ग्वाल्हेरात आपल्या लोकांत कुणी घर बघायला निघालं, कुणाची बदली होऊन आली किंवा कुणाच्या मुलीला शिकायला खोली हवी असली, की एक प्रश्न ठरलेला. भाडं किती, नळाला पाणी किती वेळ, हे सगळं नंतर. आधी विचारतात, "मोहल्ला कसा आहे?"

उत्तरही ठरलेलंच असतं. "चांगला आहे हो, आपलीच वस्ती आहे," नाहीतर "छे, तिकडे नको." या "तिकडे नको"चं कारण मात्र फारसं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. माझ्या आजीनं ते तिच्या सासूकडून ऐकलं, आईनं आजीकडून ऐकलं आणि आम्ही आईकडून. साठ वर्षं मी हे उत्तर ऐकतोय. या दोन शब्दांवर मुलींच्या नोकऱ्या ठरतात आणि म्हाताऱ्या माणसांची घरं सुटतात. म्हणून हे उत्तर आलं कुठून आणि आज त्यात किती खरं उरलंय, ते लिहावंसं वाटलं. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात तळापासून करावी लागेल, कारण आपलं लष्कर मुळात तळच होतं. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि ती पुढे हललीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, घोड्यांच्या रांगांच्या जागी गल्ल्या आल्या. आजही नावं बघा ना. कंपू म्हणजे कॅम्प. शिंदे की छावणी तर उघडच आहे. जिन्सी म्हणजे तोफखाना. पायगा म्हणजे आपली पागा. हुजरात म्हणजे हुजुरात, खुद्द धन्याचं घोडदळ. चिटणीस की गोठ यातला "गोठ" हा गुरांचा गोठा नाही. मराठीत सरदाराच्या पथकाचा जो तळ तो "गोट", त्याचंच हे हिंदी वळण. बाहेरून आलेल्या माणसाला ही सगळी नावं विचित्र वाटतात. आपल्याला ती पाठ असतात, पण त्यांचा अर्थ आपण विसरलो आहोत.

हा अर्थ आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. गोठीतली सुरक्षितता ही पोलिसांची नव्हती, माणसाच्या ओळखीची होती. गोठीत राहणारा प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा असे. अमक्या सरदाराचा कारकून, तमक्याचा शिलेदार, त्याचा भिक्षुक, त्याचा पाणक्या. अनोळखी माणूस आत शिरला की ओट्यावरून पहिला सवाल यायचा, "कुणाकडे?" उत्तर देता आलं तर वाट मोकळी. माझ्या लहानपणीसुद्धा, म्हणजे साठच्या दशकात, आमच्या गल्लीत हा सवाल जिवंत होता. फेरीवाल्यालासुद्धा सुटका नव्हती.

या व्यवस्थेत माणूस सुखरूप होता, पण तिची एक दुसरी बाजू होती. जो कुणाचाच नाही, तो संशयित. आपल्या डोक्यात "आत" आणि "बाहेर" अशी जी रेघ आहे, ती तेव्हा पडली. दौलतगंज, जनकगंज, माधोगंज, पाटणकर बाजार, हे सगळं आत. किल्ल्याच्या उत्तरेला, पायथ्याशी असलेलं जुनं ग्वाल्हेर आणि हजीरा, ते बाहेर. पूर्वेला मुरार, तिथे तर १८८६पर्यंत इंग्रजांची छावणी होती. त्या साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले. पण आमच्या आजीच्या बोलण्यात मुरार कायम परक्या मुलखासारखंच राहिलं. "मुरारला गेले होते" हे ती "परगावी गेले होते" अशा सुरात सांगायची. अंतर म्हणाल तर टांग्याचं.

मजा अशी की हे "बाहेरचं" हजीरा म्हणजे तेच, जिथे मोहम्मद गौसांचा मकबरा आहे आणि शेजारी तानसेनाची समाधी. डिसेंबरात तानसेन समारोह लागला की लष्करातली निम्मी मराठी घरं रात्र रात्र तिकडे असायची. ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मिलादनं समारोहाची सुरुवात व्हायची, अजूनही होते. आजी, आई, मावशी, शाल-स्वेटर आणि चिवड्याचा डबा घेऊन टांग्यातून जायच्या आणि पहाटे यायच्या. तेव्हा हजीरा कुणाला असुरक्षित वाटलं नाही. समारोह संपला की दुसऱ्या दिवशी पुन्हा "हजीरा? तिकडे नको." जागा तीच, रस्ता तोच. बदलायची ती रस्त्यावरची माणसांची संख्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गिरणी. १९२१ साली बिर्लांनी जियाजीराव कॉटन मिल उभी केली, आपल्या सगळ्यांची जे.सी. मिल. तिच्याभोवती बिर्लानगर वसलं. पुढे ग्वालियर रेयॉन आलं, ज्याच्या सूटिंगच्या जाहिरातीत पतौडी नवाब झळकायचे. सिमको आली. शहरात पॉटरी होती, मंघारामची बिस्किटं होती. आज नव्या पोरांना सांगितलं तर पटत नाही, पण एके काळी ग्वाल्हेर हे कारखान्यांचं गाव होतं.

माझे मोठे मामा मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात होते आणि बिर्लानगरच्या लाईनीत राहायचे. तिथे गल्ल्यांना नावं नव्हती, नंबर होते. लाईन नंबर एक, लाईन नंबर दोन, अशा सरळ रांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जायचो तेव्हा लष्करातल्या घरी हमखास वाद व्हायचा. काका म्हणायचे, "मिलवाल्यांच्या वस्तीत पोरं पाठवू नका." मिलवाले म्हणजे कोण? भिंड-मुरैन्याकडून आलेले, उत्तर प्रदेशातून आलेले, ज्यांचं कुणी सरदार नाही असे. शिवाय आपलीही बरीच मंडळी होती, पण ती मोजायची नाहीत असा रिवाज!

आणि मामांच्या लाईनीत मी काय पाहिलं? तिथे रात्र अशी नव्हतीच. तीन पाळ्या. भोंगा झाला की एक लोंढा आत आणि एक लोंढा बाहेर. रात्री उशिरासुद्धा सायकलींच्या घंटा वाजायच्या, चहाच्या टपरीवर कंदील असायचा, कुणाची तरी बायको दारात नवऱ्याची वाट बघत बसलेली असायची. मामी रात्रीची पाळी सुटायच्या वेळी अंगणात बाज टाकून बिनधास्त झोपायची. तिथे "कुणाकडे?" असं कुणी विचारत नसे. विचारायचं कारणच नव्हतं. सतत कुणी ना कुणी जागं होतं. लष्करात ओळखीनं जे होत होतं, ते बिर्लानगरात वर्दळीनं होत होतं. आणि महिन्याच्या ठराविक तारखेला घरात येणाऱ्या पगारानं.

आता चंबळ. तिचं नाव काढल्याशिवाय ग्वाल्हेरच्या भीतीचा इतिहास पुरा होत नाही. बाहेरगावचे नातेवाईक अजून विचारतात, "तुमच्याकडे डाकू असतात ना?" १९६० साली विनोबा भिंडकडे आले तेव्हा काही बागींनी शस्त्रं ठेवली. एप्रिल १९७२मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर मोठं आत्मसमर्पण झालं. १९८२ साली मलखानसिंह, १९८३ साली फूलनदेवी. फूलन तर नंतर कित्येक वर्षं आपल्याच ग्वाल्हेरच्या तुरुंगात होती. या सगळ्याचा आमच्या घरावर परिणाम काय? "पकड" हा शब्द पोरांनासुद्धा माहीत होता. पकड म्हणजे खंडणीसाठी उचलून नेणं. संध्याकाळनंतर भिंडकडे, शिवपुरीकडे निघायचं नाही, हा घरोघरचा नियम होता.

पण नीट आठवा. ती भीती शहराबाहेरच्या रस्त्याची होती, बीहडाची होती. लष्करातल्या गल्लीत कुणी डाकू आलेला आमच्या घरातल्या कुणी पाहिला नाही. शहरात चंबळचं जे आलं ते वेगळं होतं, बंदूक. खांद्यावर परवान्याची बंदूक ही इकडे आजही शान आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडायची, त्याला "हर्ष फायर" म्हणायचं. त्या आनंदाच्या गोळीनं छतावर वरात बघत उभी असलेली माणसं मेली आहेत. यातली गंमत बघा. ज्या मोहल्ल्यात मोठमोठ्या कोठ्या, बंदुकीवाले दारवान, तो मोहल्ला आपल्या यादीत "चांगला". बंदुकीची भीती वाटायची ती मात्र गरिबांच्या वस्तीत.

१९९२ साली जे.सी. मिल बंद पडली.

त्याआधीही धुसफूस होती, पण भोंगा थांबला तो कायमचा. हजारो कामगार, त्यांची देणी वर्षानुवर्षं कोर्टात अडकली, क्वार्टरांचा प्रश्न लोंबकळत राहिला. मामा त्याच्या आधीच निवृत्त होऊन मुलाकडे इंदोरला गेले होते. मी १९९४च्या सुमारास एकदा संध्याकाळी त्या लाईनीतून गेलो. घरं तीच, माणसंही बरीचशी तीच. पण साडेआठलाच दारं लावलेली. टपरी बंद. मिलची ती लांबच लांब भिंत, जिच्या कडेनं सायकलींची रांग लागायची, ती आता नुसती काळी भिंत होती. बाप घरी बसलेला, पोरगा कामाच्या शोधात किंवा कोपऱ्यावर पत्ते कुटत. ओसाड आवारातून लोखंड, तारा, दरवाजे रात्री गायब व्हायला लागले. ते नेणारे काही आकाशातून पडले नव्हते.

तेव्हा लष्करातल्या लोकांना "आम्ही म्हणत नव्हतो का?" असं म्हणायची संधी मिळाली. पण खरं तर कारण उलटं होतं. बिर्लानगर वाईट होतं म्हणून गिरणी बंद पडली नाही. गिरणी बंद पडली म्हणून रस्ते रिकामे झाले, आणि रिकाम्या रस्त्यावर जे व्हायचं ते व्हायला लागलं. नवे उद्योग मालनपूर आणि बानमोरला गेले, शहराबाहेर. तिथे कामाला जाणारा माणूस बसनं किंवा मोटरसायकलनं जातो-येतो, मोहल्ल्यातून पायी जात नाही. पगार आला तरी वर्दळ परत आली नाही.

हा झाला इतिहास. आता हे सगळं अंगावर आलं ती गोष्ट.

२०१८ साली माझ्या भाचीला ग्वाल्हेरात एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली. मुलगी इंदोरची, घरापासून पहिल्यांदाच लांब. आमच्या घरी राहावं असा सगळ्यांचा आग्रह होता, पण आमचं घर तिच्या ड्युटीच्या जागेपासून दूर आणि रात्रपाळीला जायची-यायची पंचाईत. दोन खोल्या नजरेत होत्या. एक शहराच्या कडेला नव्या कॉलनीत, गेट, गार्ड, कॅमेरा सगळं काही. दुसरी बिर्लानगरच्या लाईनीत, भाडं निम्मं आणि रुग्णालय जवळ. घरात एकमुखानं निकाल लागला, गेटवाली. ताईचा इंदोरहून रोज फोन, "अरे, तू आहेस ना तिथे, तूच ठरव." म्हणजे उद्या काही झालं तर माझ्या नावावर.

मग मी ठरवलं की आजीचं उत्तर बाजूला ठेवायचं आणि स्वतः जाऊन बघायचं. दोन्हीकडे चार-चार वेळा गेलो. एकदा सकाळी सहाला, एकदा भर दुपारी, एकदा रात्री साडेनऊला आणि एकदा रविवारी. दिवसा दलालाबरोबर घर बघून मोहल्ला कळत नाही. दुपारी दोन वाजता सगळेच मोहल्ले शरीफ असतात.

रात्री साडेनऊला कॉलनीत काय दिसलं? दिवे लख्ख. रस्ता रुंद. पण मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतचा जो पट्टा होता, तिथे दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, झुडपं आणि एकही दुकान नाही. विक्रम टेम्पो वळणावर सोडून देतो, पुढे पायी. सगळी सुरक्षा गेटच्या आत होती. पोरगी मात्र रोज दोनदा गेटच्या बाहेरून जाणार होती.

बिर्लानगरात दिवे मिणमिणते. मिलच्या भिंतीच्या कडेचा एक तुकडा अगदी अंधारा, दोन खांबांवरचे दिवे गेलेले. कोपऱ्यावर दारूचं दुकान, तिथे गर्दी. हे सगळं मी ताईला जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. पण हजीरा चौराह्याकडून जाणारी दुसरी वाट होती. तिच्यावर औषधाचं दुकान उघडं, कचोरीवाला, पंक्चरवाला, इस्त्रीचं ठेलं लावणारी एक बाई. लाईनीत दोन म्हाताऱ्या दाराशी खाट टाकून बसल्या होत्या. मला बघताच एकीनं विचारलं, "किसके यहाँ?"

शपथ सांगतो, मला आमची गल्ली आठवली. "कुणाकडे?" हा सवाल लष्करात कधीच मेला होता, आणि इथे, मिलवाल्यांच्या लाईनीत, तो जिवंत होता. वर्दळ गेल्यावर या लोकांनी ओळख धरून ठेवली होती. तीस-चाळीस वर्षं शेजारी राहिलेली माणसं. देणी मिळेनात म्हणून कुठे जाताही आलं नाही, हेही त्यातलं एक कारण. ते गोड करून सांगण्यासारखं नाही.

दोन्ही ठिकाणी मी एक प्रश्न सगळ्यांना विचारला. "रात्री दोनला घरात कुणाला बरं नसलं, तर पहिली हाक कुणाला मारता?" कॉलनीत जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, "गार्ड है ना." गार्डला विचारलं तर तो वीस दिवसांपूर्वी आलेला, एजन्सीचा, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. लाईनीत लोकांनी माणसांची नावं सांगितली, आणि ज्यांची नावं घेतली त्यांनी परत यांची घेतली. माझ्या मते मोहल्ल्याची परीक्षा घ्यायची तर हाच प्रश्न. तुम्हीही कधी विचारून बघा.

भाची बिर्लानगरात राहिली. पण असंच नाही राहिली. वाट चौराह्याची, भिंतीची नाही. घरमालकीणबाईंना ड्युटीचा तक्ता देऊन ठेवला. त्या दोन खांबांच्या दिव्यांसाठी लाईनीतल्या लोकांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. तीन महिने आणि दोन स्मरणपत्रं लागली, पण दिवे लागले. रात्रपाळीला रुग्णालयातल्या तिघीजणी मिळून एकच रिक्षा ठरवायच्या. सुरक्षितता ही अशी जुळवावी लागते, ती घरभाड्यात मिळत नाही.

अडीच वर्षांत तिच्याबाबतीत एकच प्रकार झाला. मोबाईल हिसकावला गेला, संध्याकाळी सात वाजता. कुठे? बिर्लानगरात नाही. नव्या वस्तीतल्या एका चौपदरी रस्त्यावर, मैत्रिणीकडे जाताना. मोटरसायकलवरून दोघं आले आणि गेले. रुंद, गुळगुळीत, रिकामा रस्ता. पळायला याहून चांगली जागा नाही.

आम्ही ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, सहानुभूतीनं ऐकलं आणि म्हणाले, "हरवला असं लिहून द्या, सिम लगेच मिळेल." हिसकावलेला मोबाईल कागदावर हरवलेला झाला असता. भाची अडून बसली. तिनं सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की नोंद करावीच लागते, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. शेवटी गुन्हा लिहिला गेला. मोबाईल काही मिळाला नाही. तो मिळेल अशी तिचीही अपेक्षा नव्हती. म्हणाली, "मामा, नोंद झाली नाही तर हा रस्ता कागदावर चांगलाच राहील."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपण म्हणतो, आकडे बघा. कुठले आकडे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अहवाल काढतो, पण त्यात शहरांची वेगळी तुलना असते ती वीस लाखांवरच्या एकोणीस महानगरांची. २०११च्या जनगणनेत ग्वाल्हेर साडेदहा लाखांच्या आसपास होतं, इंदोरच्या जेमतेम निम्मं. आपण त्या यादीत नाही. आणि अख्ख्या शहराचा आकडा मिळाला तरी मोहल्ल्याचं काय? त्यात पुन्हा तो विभाग स्वतःच सांगतो की नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, लोक जास्त तक्रार करू लागले असंही असेल. म्हणजे ज्या मोहल्ल्यातले लोक ठाण्यात जायला कचरत नाहीत, तो कागदावर वाईट. जिथे "इज्जतीचा प्रश्न" म्हणून सगळं दाबलं जातं, तो चांगला. आपल्या चांगल्या मोहल्ल्यांत काय काय दाबलं गेलं, ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा. बंद वाड्याच्या आत, ओळखीच्या माणसाकडून जे होतं, त्यासाठी "तिकडे नको" असं कुणी कधी म्हटलं नाही.

आता शेवटचं, आणि हे सध्या चालू आहे.

माझी धाकटी काकू, वय वर्षं ७८, लष्करात एका गोठीतल्या जुन्या वाड्यात एकटी राहते. मुलगा पुण्याला. तो म्हणतो, "आई, तिथे आता एकटीनं राहणं सुरक्षित नाही." काकू म्हणते, "अरे, ही आपली वस्ती आहे, इथे मला काय होणार?" दोघांनी मला पंच नेमलंय.

मी पुन्हा तसाच गेलो, चार वेळा. काकू ज्याला आपली वस्ती म्हणते तिथे सात बिऱ्हाडं होती, आता एक आहे, ती. डावीकडचा वाडा विकला, तिथे कपड्याचं गोदाम. उजवीकडचा विकला, तिथे दुकानं. दिवसभर चालायला जागा नाही एवढी गर्दी, आणि रात्री नऊला शटर पडली की चिटपाखरू नाही. गोदामाला शेजारधर्म नसतो. पत्ता अजून आपल्याच गोठीचा, पण हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही. बिर्लानगरचं १९९२ साली जे झालं, ते लष्करात हळूहळू, वाड्यागणिक झालं. तिथे भोंगा बंद झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं. इथे आवाज झाला नाही, म्हणून आपल्या लक्षात आलं नाही.

आणि चोराचं सोडाच. काकूला खरा धोका आहे तो जिन्याचा, पावसाळ्यात भिजून फुगणाऱ्या मागच्या भिंतीचा आणि गल्लीत सुसाट येणाऱ्या मोटरसायकलींचा. मोहल्ल्याची सुरक्षितता म्हटलं की आपण दाराला कुलूप लावतो. जिन्याला कठडा लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

मी दोघांनाही सांगितलं. भावाला म्हटलं, "तू सांगतोस ते धोके खरे नाहीत, पण ती एकटी आहे हे खरं आहे." काकूला म्हटलं, "काकू, वस्ती आपली होती ती माणसांमुळे, नावामुळे नाही." तिला राग आला. दोन दिवस बोलली नाही. मग स्वतःच फोन केला, "वरच्या दोन खोल्या कुणाला तरी देऊ या का?" सध्या एक जोडपं बघून गेलंय. नवरा मालनपूरला कारखान्यात आहे, बायको शिवणकाम करते, एक लहान मूल आहे. भिंडकडचे आहेत. काकूनं मला हळूच विचारलं, "लोक कसे असतील रे?" मी म्हटलं, "रात्री दोनला हाक मारलीस तर खाली येतील का, एवढं बघ." भाडं निम्म्यानं कमी करायला ती तयार आहे. भावाचं अजून ठरत नाहीये. जिन्याचा कठडा मात्र मी गेल्या आठवड्यात बसवून घेतला.

मंडळी, आपल्या पूर्वजांनी "आत" आणि "बाहेर" ही रेघ मारली ती तळावर राहणाऱ्या लोकांची गरज म्हणून. त्यांचं त्या काळात बरोबर होतं. पण तळ उठून जमाना झाला. आज जर कुणी तुम्हाला विचारलं की अमका मोहल्ला कसा आहे, तर कृपा करून आजीचं उत्तर देऊ नका. रात्री साडेनऊला एक चक्कर मारून या. कोण जागं आहे, किती वर्षांपासून आहे, आणि कुणाचा कुणाला आधार आहे, ते बघा आणि मग सांगा.

इंदोरच्या मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या भागात राहिलेली मंडळी या समूहात बरीच आहेत. गिरण्या बंद झाल्यावर तुमच्या गल्लीत काय झालं? बडोद्याच्या, उज्जैनच्या, बेळगावच्या मंडळींनीही लिहा. आणि लष्करात एकट्या राहणाऱ्या कुणा काकू-आजोबांची माहिती असेल, तर नाव इथे न लिहिता मला निरोप पाठवा. आम्ही चार-पाच निवृत्त लोक आठवड्यातून एकदा चक्कर मारायचं म्हणतोय. काही नाही तर चहा तरी होईल.